स्ट्राँग ब्लू हिरा उन्हात कसा दिसतो? बिल करण्याआधी दाराबाहेर जाऊन बघा



हिऱ्याचं सर्टिफिकेट कसं वाचायचं, या व्हिडिओत ‘फ्लोरोसन्स’ या ओळीला मी जेमतेम एक मिनिट दिलं होतं. फोन मात्र सगळ्यात जास्त त्याच ओळीवर आले. विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच, तालुक्याच्या गावातले सराफ. सोन्यात तीन पिढ्या मुरलेल्या, पण हिरा दुकानात आला तो गेल्या पाच-दहा वर्षांत. प्रश्न साधारण असा: "सर, कागदावर स्ट्राँग ब्लू लिहिलंय. मुंबईचा दलाल स्वस्तात देतोय. पण उद्या गिऱ्हाईक उन्हात गेलं आणि हिरा निळा पडला, दुधाळ दिसला, तर?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. अशा हिऱ्यांपैकी बहुतेकांना उन्हात काहीही होत नाही. काही थोडे जास्त पांढरे दिसतात. अगदी मोजके दुधाळ दिसतात. तुमच्या चिमट्यातला खडा यातला कोणता, हे सर्टिफिकेटवरच्या दोन शब्दांवरून कळत नाही. ते बघूनच ठरवावं लागतं, आणि तेही काउंटरच्या दिव्याखाली नाही, दाराबाहेर.

आता हे सविस्तर बघू, कारण यात पैसा आहे आणि दुकानाचं नावही आहे.

आधी टिनोपाल आठवा

आपल्या घरी पांढऱ्या कपड्यांना दोन गोष्टी लावायचे. एक नीळ, दुसरं टिनोपाल किंवा राणीपाल. लोक दोन्हींना एकच समजतात, पण काम वेगळं आहे. नीळ हा नुसता रंग. धोतराचा पिवळेपणा निळ्या छटेने झाकायचा, एवढंच. टिनोपाल उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, म्हणजे आपण ज्याला यूव्ही म्हणतो ते, शोषून घेतं आणि त्या बदल्यात दिसणारा निळसर उजेड बाहेर टाकतं. म्हणून तो शर्ट घरात साधा पांढरा आणि अंगणात झगझगीत.

फ्लोरोसन्स असलेला हिरा हेच करतो. पुस्तकी मराठीत याला प्रतिदीप्ती म्हणतात. इंग्रजी शब्द १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने फ्लोराइट नावाच्या खनिजावरून तयार केला. दलालाच्या तोंडी मात्र नुसतं ‘फ्लोरो’ असतं.

हिऱ्यात हे येतं नायट्रोजनमुळे. हिरा म्हणजे कार्बन, पण जमिनीखाली तयार होताना त्यात थोडा नायट्रोजन शिरतो. जिथे नायट्रोजनचे तीन अणू एका रिकाम्या जागेभोवती बसतात, ती जागा साधारण ४१५ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लहरींचा प्रकाश घेते आणि निळा प्रकाश सोडते. गंमत अशी की नेहमीच्या हिऱ्यात जी फिकट पिवळसर झाक असते, तिच्यातही याच जागांचा वाटा असतो. म्हणजे पिवळेपणा देणारा आणि त्यावर निळा उजेड टाकणारा, दोन्ही एकाच घरातले.

जीआयए या अमेरिकन संस्थेच्या सांगण्यानुसार २५ ते ३५ टक्के हिऱ्यांमध्ये कमी-जास्त फ्लोरोसन्स असतो आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक हिऱ्यांचा रंग निळा असतो. पिवळा किंवा दुसरा रंगही असू शकतो, पण क्वचित. त्यांच्या कागदावर पाच पायऱ्या असतात: नन, फेन्ट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग. बाकीच्या लॅबचे शब्द थोडे वेगळे असतात. पहिल्या दोन पायऱ्यांची काळजी करायचं काही कारण नाही. आपण बोलतोय ते मुख्यतः शेवटच्या दोन पायऱ्यांबद्दल.

दुकानात का दिसत नाही?

कारण दुकानात यूव्ही जवळजवळ नसतोच. आपल्या स्पॉटलाइटमधल्या साध्या पांढऱ्या एलईडीच्या आत निळा दिवा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि त्यावर पिवळसर लेप. त्यातून पांढरा उजेड मिळतो, पण ४१५ च्या खालचं फारसं काही येत नाही. हिऱ्यातल्या त्या जागेला जे खाद्य हवं, ते ताटात नाहीच. जुन्या ट्यूबलाइटमधून थोडा यूव्ही यायचा, म्हणून टेबलावर ट्यूब जवळ धरून बघणाऱ्या जुन्या पारख्यांना बऱ्याच गोष्टी नुसत्या डोळ्याने कळायच्या. एलईडी आले, बिल कमी झालं, खडे छान चमकायला लागले, आणि फ्लोरोसन्स बघायची ही एक सोय गेली.

काचेचंही बघा. साधी काच उन्हातला बराचसा यूव्हीए आत येऊ देते. पण दर्शनी काचेवर सन-कंट्रोल फिल्म लावलेली असेल, तर काचेआडून बघितलेला उजेड ‘उन्हाचा’ धरू नका. गाडीच्या पुढच्या काचेमागेही तेच, कारण त्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पदर असतो आणि तो यूव्ही अडवतो.

आणि उन्हात नेल्यावर?

इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

भर दुपारच्या कडक उन्हात कुठलाही हिरा धरा, फ्लोरो असो वा नसो, तो काळपट दिसतो. अधूनमधून लाल-हिरव्या-निळ्या ठिणग्या उडतात आणि मधला भाग गडद. कारण साधं आहे. सूर्य म्हणजे आकाशातला एकच प्रखर ठिपका. हिऱ्याच्या पैलूंमधून तो प्रकाश मोजक्या दिशांनीच परत येतो. तुमच्या डोळ्यात एखादी ठिणगी आली तर आली, बाकीचे पैलू अंधारात. त्यात उन्हाने डोळ्याची बाहुली आकसलेली असते, म्हणून तो अंधार आणखी गडद वाटतो. दुकानात दहा-बारा स्पॉट वेगवेगळ्या कोनांतून मारलेले असतात, म्हणून तिथे खडा सगळीकडून पेटलेला दिसतो.

गिऱ्हाईक दारातून बाहेर पडतं, हात उन्हात धरतं आणि म्हणतं, "अहो, हा काळा पडला!" आपण जर गडबडून "फ्लोरो असेल" असं काहीतरी बोललो, तर संपलंच. तो फ्लोरो नाही, ते ऊन आहे.

कडक उन्हात यूव्ही भरपूर असतो, त्यामुळे खड्यातून निळा उजेड निघत असतोच. पण दिसणारा प्रकाश त्याच्या कितीतरी पट असतो. त्या झळाळीत तो बिचारा निळा उजेड बुडून जातो. यूव्हीच्या टॉर्चखाली खडा जसा निळ्या दिव्यासारखा पेटतो, तसा उन्हात कधीच पेटत नाही. टॉर्चखाली फोटो काढून "उन्हात असं दिसेल" म्हणणारे रील फिरतात, ते डोक्यातून काढून टाका.

मग दिसतं कुठे? सावलीत. उघड्या आकाशाखालच्या सावलीत. दुकानाच्या ओट्यावर, पत्र्याच्या छपराच्या कडेला, झाडाखाली नाही पण इमारतीच्या सावलीत, जिथून वर मोकळं आकाश दिसतं. तिथे सूर्याची झळाळी नाही, पण निळ्या आकाशातून पसरलेला यूव्ही भरपूर आहे. दिसणारा उजेड कमी झाला, यूव्ही त्या मानाने कमी झाला नाही. त्यामुळे निळ्या उजेडाचं वजन वाढतं. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारीही असाच चांगला उजेड मिळतो.

या सावलीत आय, जे, के रंगाचा स्ट्राँग ब्लू खडा बऱ्याचदा एखादी पायरी वर गेल्यासारखा, जरा जास्त पांढरा वाटतो. निळ्याने पिवळा मारला, टिनोपालचा हिशेब. डी, ई, एफ रंगाच्या खड्यात मारायला पिवळा फारसा नसतोच, म्हणून तिथे फरक दिसला तर किंचित निळसर झाक, आणि तीही शोधायला लागते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. जीआयएने १९९७ मध्ये आपल्या ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. ई, जी, आय आणि के या चार रंगांचे, पण कमी-जास्त फ्लोरोसन्सचे खडे घेतले आणि व्यापारातल्या तसंच बाहेरच्या लोकांना वेगवेगळ्या उजेडात दाखवले. सामान्य माणसांना काही ठरावीक फरक सांगता आला नाही. जाणकारांना वरून बघताना, म्हणजे अंगठीत दिसतो तसा बघताना, जास्त फ्लोरोचे खडे उलट रंगाने बरे वाटले. फ्लोरो जास्त म्हणून पारदर्शकपणा कमी, असं काही निघालं नाही.

मग ‘दुधाळ’ ही अफवा आहे का?

अफवा नाही. अतिशयोक्ती आहे. काही खडे उन्हात खरोखर धुरकट, तेलकट, साबणाच्या पाण्यासारखे दिसतात. बाजारात त्यांना ‘ओव्हरब्लू’ म्हणतात. जीआयएकडे आलेल्या फ्लोरो हिऱ्यांमध्ये असे खडे ०.२ टक्क्यांहून कमी निघाले. म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत.

पण माझं एक म्हणणं आहे. जीआयएकडे खडा पाठवायला पैसे लागतात, त्यामुळे तिथे जाण्याआधी व्यापारी स्वतः माल चाळतो. दुधाळ खड्यावर सर्टिफिकेटचा खर्च कोण करेल? तुमच्या दारात बिनकागदाच्या पुडीत येणारा माल चाळून उरलेला असू शकतो. त्या पुडीसाठी हजारात दोन हा हिशेब धरू नका.

दुसरं, दुधाळपणा नुसत्या फ्लोरोमुळे येत नाही. खड्याच्या आत अतिसूक्ष्म दोष असतात, ते प्रकाश विखुरतात, त्याने खडा मुळातच जरा धुरकट असतो. त्यावर जोरदार निळा उजेड चढला की काळं-पांढरं यातला फरक आणखी पुसट होतो. मूळ खडा स्वच्छ असेल तर स्ट्राँग ब्लू त्याचं काही बिघडवत नाही. जीआयएच्या नंतरच्या संशोधनाचा सूरही हाच आहे. म्हणून मुंबई-सुरतेत अनुभवी खरेदीदार "फ्लोरो आहे का" याच्या जोडीला "नो बीजीएम ना?" हे विचारतातच. बीजीएम म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की. तुम्हीही विचारा, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि एक घरगुती कारण, जे सगळ्यात जास्त वेळा भेटतं. हिऱ्याला तेलाची ओढ असते. किंबर्लीच्या खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस फासलेलं टेबल वापरायचे, हिरे त्याला चिकटून राहायचे. आपल्याकडे तेच काम हातावरचं क्रीम, कणीक आणि खोबरेल करतं. खड्याच्या पाठीमागे थर बसला की तो सहा महिन्यांत दुधाळ होतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आधी कोमट पाणी, भांड्याचा सौम्य साबण, मऊ ब्रश, स्वच्छ धुणं. मग बोलणं. निम्म्याहून अधिक तक्रारी बेसिनमध्येच संपतात, हा आमच्या दुकानाचा अनुभव.

भाव का पडतो?

एके काळी उलटं होतं. दक्षिण आफ्रिकेत यागर्सफोंटेन नावाची खाण होती. तिथले काही खडे दिवसाच्या उजेडात निळसर पांढरे दिसायचे आणि त्यांना मान होता. त्या गावाच्या नावावरूनच ‘जॅगर’ हा शब्द बाजारात आला. आपल्याकडचे काही जुने सराफ अजून ‘ब्लू जॅगर’ म्हणतात ते हेच. मग ‘ब्लू-व्हाइट’ या शब्दाचा इतका सुळसुळाट झाला की पिवळट खडेही त्या नावाने विकले जाऊ लागले. शेवटी अमेरिकेच्या व्यापार आयोगाला नियम करावा लागला की उत्तरेकडच्या दिवसाच्या उजेडात निळा किंवा निळसर सोडून दुसरा रंग दाखवणाऱ्या हिऱ्याला हा शब्द लावायचा नाही.

आज डी ते एच रंगात स्ट्राँग ब्लू म्हटलं की दलाल स्वतःहून सूट सांगतो. खालच्या रंगात, आय-जे-केमध्ये, सूट कमी होत जाते, कधी उरतही नाही. व्यापाऱ्यांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. लॅबमध्ये रंग ठरवतात त्या दिव्यात थोडा यूव्ही असेल, तर फ्लोरो खड्याला रंगाची पायरी जरा वरची मिळू शकते. मग एच लिहिलेला खडा एलईडीखाली आयसारखा वाटतो. हा वाद जुना आहे. आपण यातून एवढंच घ्यायचं की स्ट्राँग ब्लू खड्याचा रंग कागदावर वाचून न थांबता दोन्ही उजेडात बघायचा: आपल्या काउंटरवर आणि ओट्यावर.

आता धंद्याचं गणित. समजा, एक एच-व्हीएस२ खडा फ्लोरोशिवाय दोन लाखांना पडतो आणि तसाच स्ट्राँग ब्लू एक लाख ऐंशी हजारांना. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. वीस हजारांचा फरक तुमच्या हातात आला. काही दुकानदार खडा दोन लाखांच्या हिशेबाने विकतात, वीस हजार खिशात घालतात आणि ती ओळ वाचून दाखवत नाहीत. मी म्हणतो, त्यातले बारा-पंधरा हजार गिऱ्हाइकाला द्या, कारण सांगून द्या आणि पावतीवर लिहा. हे पुण्याचं काम म्हणून नाही सांगत. पाच वर्षांनी तो माणूस मोडीला किंवा बदलीला दुसऱ्या दुकानात जाणार. तिथला सराफ टॉर्च मारणार आणि पहिलं वाक्य हेच म्हणणार, "हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका सराफाच्या बाबतीत असंच झालं. पाच वर्षंसुद्धा लागली नाहीत, तीन दिवसांत झालं. साखरपुड्याची अंगठी, चाळीस सेंटचा खडा, जीआयएचा कागद सोबत. नवरीच्या मामांनी हौसेने दुसऱ्या पेढीवर दाखवली. तिथल्या पोराने दिवा मालवून जांभळा टॉर्च मारला, खडा निळा पेटला आणि पोरगं म्हणालं, "खरा हिरा असा चमकत नाही." संध्याकाळी दोन्हीकडची सहा माणसं दुकानात. यांनी कागद काढला, खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर भिंगातून दाखवला, कागदावर ‘स्ट्राँग ब्लू’ छापलेलंच होतं. खडा खरा आहे हे पाच मिनिटांत सिद्ध झालं. पण नवऱ्या मुलाच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "मग हे विकताना का नाही सांगितलंत?" यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती ओळ त्यांनी स्वतःच कधी वाचलेली नव्हती. अंगठी परत घ्यावी लागली. लग्नाचं बाकी सोनंही त्या घराने दुसरीकडे केलं.

त्या पोराचं म्हणणं साफ चुकीचं होतं, हेही सांगून ठेवतो. टॉर्चखाली चमकणं हा खऱ्या-खोट्याचा पुरावा नाही, आणि न चमकणं हाही नाही. खाणीतले बहुतेक हिरे चमकत नाहीत. लॅबमध्ये बनवलेले काही चमकतात, काही नाही. शिवाय बाजारात मिळणारा स्वस्त जांभळा टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो, त्यातून जांभळा उजेडही बराच येतो. तो काचेच्या तुकड्यावरून परावर्तित झाला तरी निळं-जांभळं दिसतं. घ्यायचाच असेल तर ३६५ चा घ्या, आणि कुणाच्या डोळ्यात मारू नका. नोटा तपासायचं यूव्ही मशीन गल्ल्याजवळ असेलच. नोटेच्या नंबरची शाई त्याखाली जशी उजळते, तसाच खडा उजळतो. पहिली चाचणी त्यावर करायला हरकत नाही.

माल घेताना आणि दाखवताना

बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये जा नाहीतर सुरतेत महिधरपुऱ्यात, स्ट्राँग किंवा व्हेरी स्ट्राँग खडा असेल तर टेबलावर बघून पुडी बंद करू नका. खिडकीशी किंवा बाहेर चला म्हणा. चांगला दलाल लगेच उठतो. जो टाळाटाळ करेल त्याचा खडा ठेवून द्या, भाव कितीही चांगला असो.

बघायची वेळ सकाळी नऊ ते अकरा, जागा मोकळ्या आकाशाची सावली. संध्याकाळी सहाला बघू नका. सूर्य खाली गेला की उजेड तांबूस होतो आणि यूव्ही फार घटतो, मग सगळेच खडे सारखे वाटतात. जुन्या पुस्तकांत ‘उत्तरेच्या खिडकीचा उजेड’ असा नियम असतो. तो युरोपातल्या लोकांनी केलेला आहे, तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला कधी जातच नाही. आपल्या बार्शीत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्यच डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे दिशा पाठ करण्यापेक्षा थेट ऊन पडत नाही ना, हे बघा.

खडा आधी धुऊन पुसून घ्या. सोबत त्याच रंगाचा ‘नन’ खडा ठेवा, कारण एकटा खडा बघून डोळ्याला काही ठरवता येत नाही. खाली कागद कोणता, हेही महत्त्वाचं. झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदात टिनोपालच्या जातीचंच रसायन असतं. तो स्वतःच बाहेर निळसर उजळतो आणि शेजारचा खडा उगाच पिवळा किंवा उगाच पांढरा वाटतो. पुडीच्या आतला निळसर कागदही खड्याला मदत करायलाच घातलेला असतो. फिकट राखाडी, मळकट पुठ्ठा बरा. आणि लाल-केशरी शर्ट घालून खडे बघायला जाऊ नका, अर्धा शर्ट खड्यात दिसतो.

आधी वरून बघा, मग आडवा धरून बाजूने. वरून पांढरा आणि पैलू लख्ख कापल्यासारखे दिसत असतील तर खडा पास. पैलूंच्या कडा विरघळल्यासारख्या वाटल्या, आत धुकं आहे असं वाटलं, तर आत काउंटरवर नेऊन पुन्हा बघा. बाहेर धूसर आणि आत स्वच्छ असेल तर तो ओव्हरब्लू. दोन्हीकडे धूसर असेल तर खडाच मिल्की, फ्लोरोला दोष देऊ नका. मोबाइलच्या फोटोवर यातलं काही ठरवू नका. कॅमेरा रंगाचा तोल स्वतःच बदलतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘डेलाइट फोटो’वर सौदा करणं म्हणजे आवाज ऐकून साडी घेण्यासारखं आहे.

गिऱ्हाइकालाही हेच करून दाखवा, बिल करण्याआधी. शब्द साधे ठेवा: "ताई, हा खडा उन्हातला न दिसणारा उजेड घेऊन जरा निळसर चमक देतो. दोष नाही, पण बाजारात याला भाव थोडा कमी, म्हणून तुम्हालाही कमी लावलाय. बाहेर चला, सावलीत बघा, उन्हातही बघा." उन्हात बघताना तो गडद दिसणारच, म्हणून शेजारी फ्लोरो नसलेली अंगठी धरा. दोन्ही सारख्याच गडद दिसल्या की शंका तिथेच मिटते. मुलीबरोबर आलेली तरुण मंडळी असतील तर यूव्ही मशीनखालीही दाखवा. "डीजेच्या जांभळ्या लाइटमध्ये असं चमकेल" म्हटलं की निम्म्या मुली तोच खडा मागतात, आणि हे मी विनोदाने म्हणत नाहीये.

पावतीवर कॅरेट, रंग, शुद्धता यांच्या जोडीला एक ओळ वाढवा: ‘फ्लोरोसन्स: स्ट्राँग ब्लू. ग्राहकाला दिवसाच्या उजेडात दाखवला.’ खाली गिऱ्हाइकाची सही. आम्ही ही ओळ बिलाच्या सॉफ्टवेअरमध्येच टाकून घेतली आहे, विसरायचा प्रश्नच नाही.

राहता राहिल्या कुड्या आणि लहान खड्यांचे दागिने. इथे सर्टिफिकेट असलं तरी पूर्ण दागिन्याचं असतं, प्रत्येक खड्याचा फ्लोरो त्यात बहुतेक वेळा नसतो. सात खड्यांच्या कुडीत दोन स्ट्राँग आणि पाच नन बसले, तर काउंटरवर सगळे एकसारखे, ओट्यावर दोन वेगळे, आणि वरातीच्या लाइटखाली तर दोनच पेटलेले. मोठ्या खड्याच्या फ्लोरोपेक्षा मला हा प्रकार जास्त त्रासदायक वाटतो, कारण गिऱ्हाइकाला वाटतं दोन खडे बदलले. कारागिराकडे खडे देण्याआधी सगळे एका ओळीत मांडून यूव्हीखाली एकदा बघा, एकतर सगळे चमकणारे नाहीतर सगळे न चमकणारे असे संच करा, आणि मग सावलीत नेऊन रंग जुळवा. चमकी आणि मुरणीला ही कटकट नाही, तिथे खडा एकच. जुळवणीचं हे काम सकाळी दहाच्या आत उरकून घ्या. एप्रिल-मेमध्ये त्यानंतर बार्शीत ओट्यावर उभं राहवत नाही.